आठ नंबरची काच

दौलतराव मरसकोल्ह्यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. निळं आंतरदेशीय पत्र होतं, एकोणीसशे शहात्तरच्या जूनमध्ये आलेलं. मजकूर सहा ओळींचा. शेवटच्या तीन ओळी मला पाठ आहेत: ‘आपण कागद ठेवला तेव्हा काच सुलटी होती की उलटी, एवढे एका शब्दात कळवावे. चौकशीत मी वाचन माझे म्हणून सांगितले आहे, त्यात बदल करणार नाही. मला फक्त माझ्यापुरते जाणून घ्यायचे आहे.’

एक शब्द. मी तालुक्याच्या वाचनालयाचा ग्रंथपाल होतो, शब्दांची मला वाण नव्हती. तरी तो एक शब्द मी लिहिला नाही. दौलतराव एक्याण्णव साली गेले. मी आता ऐंशीचा आहे आणि अमरावतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो.

प्रकरण सांगतो. सातखोरा अभयारण्य नुकतंच जाहीर झालं होतं आणि दौलतराव तिथले पहिले वनक्षेत्रपाल. शिकाऱ्यांनी जागोजागी लोखंडी सापळे पुरून ठेवलेले. ते उकरून काढताना दौलतरावांनी स्वतःची दोन बोटं गमावली होती. वाघांची मोजणी तेव्हा पावलांच्या ठशांवरून व्हायची. रेतीतल्या ठशावर काच धरायची, वरून रेघ उतरवायची, मग काचेवर कागद ठेवून त्या रेघेची नक्कल करायची. माझा हात सुबक म्हणून नक्कल करायचं काम दौलतरावांनी मला दिलं होतं. सुटीच्या दिवशी मी विश्रामगृहाच्या ओसरीवर बसून ते करायचो. आयुष्यात मी वाचनालयाबाहेर केलेलं एवढंच काम.

शहात्तरच्या मार्चमध्ये एका वाघानं दोन गुराखी मारले. दुसरं प्रेत नाल्यात होतं. त्याच्याजवळचा ठसा दौलतरावांनी स्वतः काचेवर घेतला. मागचा डावा पाय, बाहेरचं बोट फाकलेलं, सापळ्यात सापडून सुटलेलं. त्या दिवशी काचेवर रेघ काढायचं पेन वाळलं होतं म्हणून त्यांनी दौतीतली शाई वापरली आणि काच माझ्याकडे आली तेव्हा शाई ओली होती. माझा कागद चांगला होता, विलायती. तो खराब होईल म्हणून मी काच उलटी केली आणि कोरड्या बाजूनं नक्कल केली. कोपऱ्यात इंग्रजी आठाचा आकडा होता. आठ उलटा केला तरी आठच दिसतो. नक्कल झाल्यावर मी काच फडक्यानं स्वच्छ पुसली.

कागदावर डाव्याचा उजवा झाला होता. नोंदवहीत त्याच नाल्यातल्या एका वाघिणीचा मागचा उजवा पाय होता, तिचंही बाहेरचं बोट सापळ्यानं तसंच फाकवलेलं. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले तर रेघ रेघेवर बसत होती. “मी तर डावा पाहिला होता,” दौलतराव म्हणाले. मग बराच वेळ माझ्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “माझाच डोळा चुकला असंल. कागद कसा चुकंल.”

मी तिथेच होतो. माझ्या लक्षात आलं होतं, त्याच क्षणी. मी काही बोललो नाही.

वाघीण मारली गेली. पाचव्या दिवशी खऱ्या वाघानं बोरखोऱ्याच्या सुगरती जामुनकरला मोह वेचताना उचललं.

परवा अभयारण्याच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेची मुद्रितं माझ्याकडे आली. पहिल्या मोजणीतला हयात माणूस मी एकटाच, म्हणून तारखा आणि शुद्धलेखन तपासायला. अकराव्या पानावर वाक्य आहे: ‘वनक्षेत्रपाल मरसकोल्हे यांनी ठसा चुकीचा वाचल्यामुळे निरपराध वाघीण मारली गेली व पुढील बळी टळू शकला नाही.’ समारंभाला त्यांची मुलगी इंदुमती परतवाड्याहून येणार आहे. पहिली प्रत तिच्या हाती द्यायची असं ठरलंय. मुद्रितं उद्या परत जायची आहेत.

आज दुपारी जेवण झाल्यावर मी अकरावं पान छातीवर ठेवून आडवा झालो. त्या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पंख्याचा आवाज येत होता. तो आवाज कोरडा होत गेला, सागाची वाळली पानं वाऱ्यानं ढकलत न्यावीत तसा, आणि मला वाटलं, पंखा बंद करायला उठावं. मी उठतो.

वाचनालयाच्या फळीच्या जमिनीवर माझी पावलं वाजतात. दोन कपाटांच्या मधल्या गल्लीत एक माणूस ओणवा बसला आहे, पाठ माझ्याकडे. खाकी शर्ट, मानेवर घामाची रेघ. उजव्या हाताला तीन बोटं.

“आस्ते या,” दौलतराव मागं न बघता म्हणतात. “ठशावर पाय ठेवसान.”

“इथं कसला ठसा? धूळ आहे नुसती.”

“धूळ तर तुमच्या अंगावर हाय, खांडवेजी. खाली बसा.”

“माझे गुडघे आता—”

“माह्ये मेलेले हाय. तरी बसलो ना मी.”

ते एकटेच हसतात. हसणं तसंच आहे, नाकातून. मग हात मागं येतो, माझी मान पकडतो आणि मला खाली दाबतो. इतक्या जोरात की माझं नाक जमिनीला लागतं. जमीन लाकडाची नाही, नाल्याची ओली रेती आहे, गार. दातांत कण येतात.

“कोनता पाय?”

मी तोंडातली रेती थुंकतो.

“इतकी पुस्तकं वाचली. हे वाचा.”

“मला वाचता येत नाही, साहेब. मला फक्त नक्कल करता येते.”

“हे खरं बोलले,” ते म्हणतात, पण मान सोडत नाहीत. “म्हनून तर ठेवलं होतं तुमाले. वाटलं, हा मानूस स्वतःचं काही घालनार नाही. जसं हाय तसं उतरवंल.”

रेती सरकते. मी डोकं वर करतो तर आम्ही उंचावर आहोत. मचाण आहे, पण पायाखाली वाचनालयाची शिडी आणि जाड बांधीव अंक रचलेले. माझ्या मांडीवर बंदूक आहे. मी आयुष्यात बंदूक हातात घेतली नाही. तिचा दस्ता कोमट आहे, आधी कुणीतरी धरलेला.

खाली वर्तमानपत्रांच्या उतरत्या मेजांमधून वाघीण येते आहे. घाई नाही तिला. एका मेजाजवळ थांबून ती कागदाचा वास घेते. पोट खाली लोंबतं आहे आणि सड भरलेले आहेत.

“साहेब, तिला पिलं आहेत.”

“मले दिसते. मी तवा बी म्हटलं होतं. म्हटलं, पिलंवाली मादी गुराख्याच्या मागं काहून जाईन? तर सारे म्हने, कागद पाहा.” ते माझं बोट धरून चापावर ठेवतात. “कागद कोनाचा?”

“माझा.”

“मंग बोट बी तुमचंच पाहिजे.”

बार होतो. आवाज कानात जात नाही, दातांत जातो. गोळी तिच्या कमरेत लागते. ती मरत नाही. पुढच्या दोन पायांवर फिरते, स्वतःच्याच मागच्या पायाला चावते, लचका तोडते, जणू दुखणं तिथून तोडून टाकता येईल. मेजं कोसळतात. कागदांवर रक्ताच्या चिळकांड्या उडतात आणि मला अजूनही, त्याही वेळी, त्या कागदांची काळजी वाटते. दौलतराव बंदूक हिसकावून घेतात आणि दुसरी गोळी तिच्या कानामागं घालतात. मग शिडीवरून उतरून तिच्याजवळ गुडघ्यावर बसतात आणि तिचं मागचं पाऊल तीन बोटांच्या हातात घेतात.

“उजवा,” ते म्हणतात. “पाहा. उजवा हाय हा. तवा बी मी पाहिला होता, मेल्यावर. तिथंच समजाले पाहिजे होतं मले. पन मी म्हटलं, मानसाचं प्रेत पाहून आपली नजर फिरली असंल त्या दिवशी. डाव्याचा उजवा समजलो असंल आपन.”

“उजव्याचा डावा,” मी दुरुस्त करतो. सवय आहे.

ते माझ्याकडे बघतात. “हाव. शुद्धलेखन बराबर तुमचं.”

वाघीण वाचनालयाच्या लांब मेजावर आहे आणि कातडं काढणं चाललं आहे. सुरी कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही, फक्त ती पोटावरून येते आणि सड कापला जातो. दूध बाहेर येतं. रक्तात ते लगेच मिसळत नाही, पांढरी वाट करून मेजाच्या कडेपर्यंत जातं आणि थेंब थेंब खाली पडतं. मेजाखाली काहीतरी ते चाटतं आहे. मी वाकून बघत नाही. त्या तीन पिलांचं काय झालं ते मला माहीत आहे. दोन नाल्यातच उपाशी मेली, एक कुत्र्यांनी फाडलं. अभयारण्याच्या पहिल्या वार्षिक अहवालात मीच ते सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

“चला,” दौलतराव म्हणतात. “बाई आली.”

मेजावर आता घोंगडी आहे. घोंगडीत सुगरती आहे, निदान जेवढी मिळाली तेवढी. मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस वास सगळ्या कपाटांत भरला आहे. तिच्या मुठीत अजून फुलं आहेत, पिचलेली. दारात बोरखोऱ्याची माणसं उभी आहेत. पुढं तिचा नवरा, बाजीलाल, हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा. पातं काढून ठेवून आला आहे. मारायचं आहे, जीव घ्यायचा नाही, एवढं त्यानं त्या अवस्थेतही ठरवलं होतं. हे मला तेव्हाही दिसलं होतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं.

“वाघ मेला म्हटलं ना तुम्ही,” बाजीलाल म्हणतो. “गावात येऊन सांगितलं. आता जा म्हटलं, मोह वेचा. म्हटलं का नाही?”

“म्हटलं,” दौलतराव म्हणतात.

“तुमच्या भरवशावर गेली ती.”

“हाव.”

पहिला फटका खांद्यावर बसतो. मी ओसरीवरून मागं सरतो, विश्रामगृहाच्या खोलीत जातो आणि कडी लावतो. खरंच असंच झालं होतं. यातलं काही स्वप्नानं रचलेलं नाही. खोलीच्या दाराला काच होती आणि त्या काचेतून मी बघितलं. दौलतरावांनी हात वर केला नाही. दांडा पाठीत बसला, मग बरगड्यांवर, एकदा तोंडावर. त्यांचे दात ओसरीवर पडले तेव्हा आवाज आला, कवड्या टाकल्यासारखा. त्यांचे शिपाई पळून गेले होते. फटक्यांच्या मधे मधे ते एकच वाक्य म्हणत होते, “माह्या डोळा चुकला, बाबा. माह्या डोळा चुकला.” मी आत होतो. मी ओरडून सांगू शकलो असतो. तोंड उघडलं होतं मी, एवढं आठवतं.

आता ते दाराच्या पलीकडे काचेला तोंड लावून उभे आहेत. ओठ फाटलेला आहे. रक्त काचेवर लागतं आणि खाली ओघळतं.

“कडी काढा.”

“भीती वाटते मला.”

“माही? का त्याह्यची?”

“सांगायची.”

“लोक म्हने, खांडवेजी लाजाळू आहे. लाजाळू मानूस मान खाली घालते. तुमी कडी लावता.” ते काचेवर कपाळ आपटतात. एकदा, पुन्हा. “चिठ्ठी भेटली होती?”

“भेटली होती.”

“मले वाटलं पत्ता चुकला. दोन महिने रोज पोस्टात जात होतो. पोस्टमन म्हने, साहेब, बायकोची वाट पाहता का बदलीची?” ते हसतात, रक्ताळ फेस येतो. “बदली मंग झालीच. नर्सरीत. पिशव्यांत माती भरून घ्या म्हने. मी म्हटलं बरं हाय, तिथं ठसे नसते.”

“तुम्ही जंगलात पुन्हा—”

“कशाले जाईन? समोर रेतीत पाऊल दिसलं तर मी तोंड फिरवत होतो. इंदू लहान होती, अंगनात सारवन चालू होतं, तिनं ओल्या शेनात पाय ठेवला. म्हने बाबा, कोनता पाय सांगा. मले सांगता नाही आलं. दोनदा पाहिला. तरी नाही सांगता आलं. लेकराचा पाय, खांडवेजी.”

माझ्या हाताखाली काहीतरी ओलं लागतं. दाराची काच नाही, माझ्या मांडीवरची छोटी काच आहे, लाकडी चौकटीतली. तिच्यावर शाईची रेघ, ताजी, चकाकणारी. चार बोटं, एक फाकलेलं. कोपऱ्यात आठ. ओसरीवर सकाळचं ऊन आहे. माझे हात एकतीस वर्षांचे आहेत, नखं स्वच्छ. समोर तो कागद. दौलतराव पाठमोरे बसून बूट झटकताहेत. त्यांचे दात अजून तोंडात आहेत. अजून काही झालेलं नाही.

मला वाटतं, आता. आता तरी. पण माझे हात माझं ऐकत नाहीत. डावा हात काच उचलतो, उजवा खालून आधार देतो आणि दोघं मिळून ती सफाईनं पालथी घालतात, पुस्तकाचं पान उलटावं तशी. कागद कोरड्या बाजूवर बसतो. एक डाग पडत नाही.

“उलटी केली,” मी म्हणतो.

दौलतराव बूट झटकायचं थांबवतात.

“मोठ्यानं बोला. कान गेला त्या माराच्या वक्ताले.”

“काच मी उलटी केली. शाई ओली होती. कागद खराब होईल म्हणून. तुम्ही डावा म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं. तुमचा डोळा चुकला नव्हता, साहेब. कधीच चुकला नव्हता.”

ते उठतात. माझ्यासमोर येऊन बसतात. माझ्या हातातली काच घेतात, सुलटी करतात आणि ओल्या रेघेवरून बोट फिरवतात, टाचेपासून बोटांकडे, सावकाश. बोट काळं होतं.

“डावा,” ते म्हणतात. आणि पुन्हा, हळू, “डावा व्हता.”

मग ते माझ्या तोंडात मारतात. उघड्या पंज्यानं, तीन बोटांच्या. मी ओसरीवरून खाली पडतो. ते वरून बघत राहतात. राग नसावा, असं मला वाटतं, पण मला माणसांचं काही कळत नाही. दुसऱ्यांदा मारतात तेव्हा ओठ दातावर आपटतो. मी गुडघ्यांवर उठतो, तिसऱ्यासाठी तोंड पुढं करतो.

“बस,” ते म्हणतात. “हात दुखते.” आणि घसा खाकरून विचारतात, “इंदूले कोन सांगंल?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडतो, तोपर्यंत ते नाल्यात उतरलेले आहेत. वाकून चालताहेत, जमिनीकडे बघत, मधेच थांबून काहीतरी वाचत, पुन्हा पुढं.

जाग आली तेव्हा मी पलंगावर नव्हतो. खाली फरशीवर गुडघे टेकून बसलो होतो, कपाळ पलंगाच्या कडेला. पंखा चालू होता. साडेतीन वाजले होते. झोपेत पडलो असेन, ओठही त्यानंच फुटला असेल. मी असाच विचार करतो, सगळ्याचं काहीतरी कारण असतं. पण उठताना पायजमा ओला लागला. दोन्ही गुडघ्यांवर गोल डाग होते आणि डागांना रेती चिकटली होती. जाडसर, अभ्रकाचे कण चमकणारी. बोटांत घेतली, चुरून बघितली. तिसऱ्या मजल्यावर, बंद घरात. याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

पायजमा बदलला नाही. तसाच लिहायला बसलो.

आधी अकराव्या पानावरचं ते वाक्य खोडलं आणि समासात खरं वाक्य लिहिलं, माझ्या नावासकट. पुस्तिकेचं काम बघणाऱ्या अधिकारी वानखडे मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “सर, हे छापायचं? तुमचं नाव येईल.” मी हो म्हटलं. “मग लेखी पाठवा, सहीनिशी,” त्या म्हणाल्या. “आणि मरसकोल्हे मॅडमना तुम्ही आधी कळवा. आमच्याकडून कळायला नको.” त्यांनी पत्ता सांगितला.

पत्र दौलतरावांच्याच नावानं लिहिलं. दुसऱ्या कुणाच्या नावानं मला सुरुवातच करता येईना.

‘आपले पत्र मिळाले. काच उलटी होती. शाई ओली असल्याने ती मी उलटी केली, आणि आपण डावा म्हणालात तेव्हा मला चूक कळली होती, तरी गप्प राहिलो. आपला डोळा बरोबर होता.’

त्यांनी विचारलेल्या एका शब्दापेक्षा हे जास्त झालं. खाली इंदुमतीबाईंसाठी दोन ओळी लिहिल्या, की हे पत्र त्यांच्या वडिलांच्या नावचं आहे, ते त्यांनी उघडावं, आणि त्यांना माझ्याकडे येऊन काही बोलायचं असेल, काहीही, तर मी घरी असतो, दार उघडं ठेवेन.

पोस्ट पाच वाजता बंद होतं. जिने उतरताना दोनदा थांबलो. एकदा दम लागला म्हणून, दुसऱ्यांदा का ते सांगवत नाही. खिडकीतल्या मुलीनं पाकीट वजनावर ठेवलं, उलटसुलट केलं, माझ्या फुटलेल्या ओठाकडे बघितलं.

“काका, पाठवणाऱ्याचं नाव नाही घातलं.”

“लागतंच का?”

“स्पीड पोस्टाला लागते. नाही तर राहू द्या, साधं टाका डब्यात. त्याले कोणी विचारत नाही.”

माझ्यामागं रांग होती. मी तिच्याकडून पेन मागितलं. अच्युत नारायण खांडवे, सगळं पूर्ण लिहिलं, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा. शाई ओली होती. तिनं त्यावरच शिक्का मारला, आणि अक्षरं थोडी फिसकटली.